त्र्याण्णवाव्या भागातली मथुरा

हर्षददादा चहा बशीत ओतून प्यायचा आणि बशी कधी पूर्ण रिकामी करायचा नाही.

कॅसेटला हात लावण्याआधी साबणाने हात धुवायचा. मग ते वाळेपर्यंत हवेत धरून उभा राहायचा.

शीर्षकगीत कुणाला पुढे ढकलू द्यायचा नाही. हजारदा ऐकलेलं असलं तरी.

फोन उचलला की 'हॅलो' नाही. 'बोल.'

लिहिताना 'बहुतेक' हा शब्द आला की थांबायचा. तो शब्द खोडायचा, नाहीतर ते वाक्यच खोडायचा.

बांगड्याचं डोकं शेवटाला ठेवायचा.

'माझी साइट' म्हणायचा नाही. 'आपली साइट' म्हणायचा. आपली म्हणजे कुणाची, असं विचारलं की नुसता हसायचा.

लाइट गेली की आधी घड्याळात बघायचा.

यंदाच्या जुलैत एका दुपारी तो जेवून आडवा झाला आणि उठला नाही. चाळिसावं चालू होतं. त्याच्या आईला, म्हणजे काकींना, वाटलं, झोपलाय. त्यांनी चहा गाळून ठेवला आणि मग हाक मारली.

हर्षद शिवलकर रत्नागिरीजवळच्या मिऱ्यावर राहायचा. आई आणि तो. बंदराजवळ बर्फाचा एक कारखाना आहे, तिथे कामाला होता. लाँचवाल्यांना बर्फाच्या लाद्या मोजून द्यायच्या, लाद्या फोडायचं मशीन चालवायचं. पावसाळ्यात मासेमारी बंद असते तेव्हा कारखानाही बंद. ते दोन महिने त्याचे खरे कामाचे. त्याची वर्षभराची स्वप्नं त्या दोन महिन्यांत मावलेली असायची.

काम म्हणजे पतंगपूर.

'पतंगपूर' ही मराठीतली कार्टून मालिका होती. दोन हजार दोन ते सहा, रविवारी दुपारी लागायची. एक गाव, त्यातली सगळी घरं आकाशात पतंगासारखी उडतात. प्रत्येक घराचा दोर खाली जमिनीतल्या एका खुंटीला बांधलेला. चिमा नावाची मुलगी त्या खुंट्या राखते. कुणी रागावलं की घराचा दोर तुटतो आणि घर वाऱ्यावर जातं. एवढंच. चित्रं ओबडधोबड होती. आवाज तीन-चार माणसांनीच दिलेले. पण ती मराठीतच विचार करून लिहिलेली होती, दुसरीकडून आणून मराठीचे कपडे घातलेली नव्हती. ज्यांनी लहानपणी बघितली ते विसरले नाहीत.

हर्षददादा तेव्हा लहान नव्हता. बारावीला गणितात राहिलेला. घरात बसलेला. वडील बोटीवर खलाशी होते, त्यांनी दुबईहून आणलेला व्हीसीआर घरात होता. शेजारी काकींना ऐकवायचे, सगुणाचा घोडा झालेला मुलगा कार्टून बघतो. तो नुसता बघत नव्हता, टेप करत होता. दर रविवारी. काकी शेजारी मासे निवडत बसलेल्या असायच्या.

मालिका बंद पडली आणि ती बनवणारी कंपनीही. मूळ टेपा कुठल्या तरी गोदामात भिजून गेल्या म्हणतात. दोन हजार सातमध्ये हर्षददादाने सायबर कॅफेत बसून साइट सुरू केली. प्रत्येक भागाला एक पान. त्या भागात काय घडलं, कोण आलं, कुणाच्या घराचा रंग काय, दोर कुठल्या बाजूला. रितेश मूळचा केळशीचा, नोकरीला पुण्यात. त्याने साइटची तांत्रिक बाजू उचलली. दोघांची ओळख साइटवरच झाली. अठरा वर्षं एकत्र काम करून ते प्रत्यक्ष भेटले फक्त दोनदा.

मी नंतर आले. मराठीत एम.ए. करत होते. लहानपणी बघितलेला एक निळ्या घराचा तुकडा आठवत होता, तो शोधत साइटवर पोचले आणि एका पानातल्या वाक्यरचनेवर मोठं पत्र लिहिलं, खाली नाव-गाव घातलं. उत्तर आलं: 'बरोबर आहे. तुम्ही रत्नागिरीत कुठे असता? मी बर्फाच्या कारखान्यात असतो.' तेव्हापासून पानं तपासायचं काम माझ्याकडे आलं. तो मला वेदिका म्हणायचा, चिडला की 'साहित्यिक' म्हणायचा.

साइटच्या पहिल्या पानावर एकच नियम लिहिलेला होता. 'जे दिसलं तेवढंच लिहू.'

हा नियम पाळणं सोपं नव्हतं. कारण त्या वर्षांत लोडशेडिंग होतं. भाग अर्धा झाला की लाइट जायची. व्हीसीआर बंद. पुन्हा येईपर्यंत चिमा खुंटी सोडून आकाशात पोचलेली असायची. अशी भोकं बऱ्याच भागांत होती. ती भरण्यासाठी त्याने पद्धत काढली होती. वाचकांना विचारायचं. ज्यांच्या गावात त्या वेळी लाइट होती ते लिहायचे. एकमेकांना न ओळखणाऱ्या दोन माणसांनी तेच सांगितलं तर ते पानावर घ्यायचं. एकानेच सांगितलं तर नाही.

"कोर्टात पण एवढं चालत नाय," तो म्हणायचा.

मालिकेचे मूळ लेखक ओळकर सर. आता ऐंशीच्या पुढे, मुंबईत असतात. एकदा त्यांनी स्वतः फोन केला होता. हर्षददादा लाद्या मोजत होता. सर म्हणाले, "मी काय लिहिलं होतं ते विसरलो की तुमची साइट उघडतो." हे वाक्य त्याने मला निदान वीस वेळा सांगितलं असेल. दर वेळी तितक्याच हळू आवाजात.

गेल्या वर्षी दिवाळीनंतर बातमी आली. मुंबईच्या एका कंपनीने पतंगपूरचे हक्क घेतले होते. नवी मालिका येणार होती. जाहिरातीचं चित्र आलं, त्यात मधोमध चिमा नव्हती. मथुरामावशी होती.

मथुरामावशी साइटवर सगळ्यांची लाडकी. त्र्याण्णवाव्या भागात ती एकदाच येते. गावाच्या टोकाला बसते आणि तुटलेले दोर सांधते. कुणाचं घर वाऱ्यावर गेलं तर ते परत आणण्याची ताकद तिच्यात नाही. पण दोराचं राहिलेलं टोक ती जपून ठेवते. लोकांनी तिची चित्रं काढली होती. एका मुलीने हातावर तिचं गोंदण करून घेतलं होतं.

मी धावत कारखान्यात गेले. मशीन चालू होतं.

"बघितलंस का? मथुरा मुख्य आहे!"

त्याने मशीन बंद केलं. हात पुसले.

"ती नव्हतीच गो."

"कोण?"

"मथुरा. मालिकेत नव्हती. मी घातली."

मला वाटलं, चेष्टा करतोय. मी हसले. तो हसला नाही.

मग त्याने सांगितलं. दोन हजार दहाच्या सुमाराला कुणीतरी आपली सगळी पानं उचलून दुसरी साइट काढली. तक्रार केली तर उत्तर आलं, मालिका आम्हीपण बघितली आहे, दोघांचं सारखंच येणार. त्याचा एक काका आंब्याचा बागायतदार. तो स्वतःच्या प्रत्येक पेटीत पेंढ्याखाली एक चिंचोका टाकतो. वाशीच्या बाजारात कुणी त्याची पेटी दुसऱ्याच्या नावाने विकली तर पेंढा उपसायचा आणि चिंचोका दाखवायचा. हर्षददादाने तेच केलं. पानांमध्ये थोडं खोटं पेरलं. अगदी थोडं. जे उचलतील त्यांच्याकडे ते खोटंही जाईल आणि चोरी उघडी पडेल. पडली. ती साइट बंद झाली.

"मग काढून टाकायचं ना ते!"

"काढणार होतो. तेवढ्यात पत्रं आली."

त्र्याण्णवाव्या भागात लाइट गेली होती. म्हणूनच त्याने मथुराला तिथे बसवलं, कुणाला तपासता येऊ नये म्हणून. तिचं पान चढल्यावर महिन्याभरात लातूरहून एकाने लिहिलं, मला आठवते ती, तिच्या हातात सुई होती. मग नागपूरहून एकीने. मग आणखी एकाने. एकमेकांना न ओळखणारी माणसं.

"नियमाप्रमाणे ती खरी झाली," तो म्हणाला. "मी काय करणार?"

"आणि तू कुठून आणलीस?"

"आमच्या आळीत होती मथुरा. जाळी सांधायची. मी आठवीत असताना वारली. तिला कुणी पोर नव्हतं, बाळ नव्हतं. म्हटलं, कुठे तरी राहील."

बाहेर एक लाँचवाला ओरडत होता. "ओ शिवलकर, बर्फ देताय की पाणी?"

हर्षददादा उठला. "हाच बघ खरा टीकाकार," म्हणाला. मशीन सुरू केलं.

मला तेव्हा फार सोपं वाटलं होतं. कंपनीने साइटवरून उचललं, हे तर सिद्धच होतं. चिंचोका त्यांच्या पेटीत सापडला होता. मी म्हटलं, लिही त्यांना. मथुरा तुझी आहे. नाव लावायला सांग.

"म्हणजे काय सांगू? आमची साइट खोटं लिहिते?"

"एका ठिकाणी."

"एका ठिकाणी खोटं म्हणजे मग खरं कुठल्या ठिकाणी?"

त्याने आठवडाभर काही केलं नाही. मग ई-मेल लिहिला. मी तो तपासला. त्यात पैशाचा शब्द नव्हता. मथुरा हे पात्र मूळ मालिकेत नाही, ते मी लिहिलं आहे, कृपया ते मूळ मालिकेतलं म्हणून दाखवू नये. इतकंच. त्याला नाव नको होतं. साइटचा नियम पुन्हा सरळ करायचा होता. मला ते तेव्हा कळलं नाही.

कंपनीच्या कायदा विभागाचं उत्तर आलं. गोड होतं. तुमच्या प्रेमाबद्दल आभारी आहोत. मात्र सदर पात्र त्र्याण्णवाव्या भागात असल्याचं आपल्याच संकेतस्थळावर गेली पंधरा वर्षं नमूद आहे. अनेक प्रेक्षकांनी त्यास दुजोराही दिला आहे. मूळ मालिकेचे सर्व हक्क आमच्याकडे असल्याने त्यातील सर्व पात्रेही आमचीच आहेत.

"आपल्याच साइटचा पुरावा," हर्षददादा म्हणाला. "बरं लिहिलंय. 'बहुतेक' कुठे नाय."

"त्र्याण्णवावा भाग दाखवा म्हण त्यांना."

"त्यांच्याकडे नाय. माझ्याकडे अर्धाच. पुरा कुणाकडेच नाय."

एकच माणूस उरला होता. ओळकर सर. ज्याने मालिका लिहिली त्याला तरी माहीत असणार.

फोन करू करू म्हणत चार दिवस गेले. पाचव्या दिवशी सरांचीच मुलाखत आली. कंपनीने नव्या मालिकेचा कार्यक्रम ठेवला होता. आम्ही ती त्याच्या घरी बघितली. काकी दाराशी कोकमाच्या जुन्या सोलांना ऊन दाखवत होत्या. सर खुर्चीत बसले होते, अंगावर शाल. थकलेले, पण प्रसन्न. निवेदिकेने विचारलं, मथुरामावशी कशी सुचली?

सर हसले. म्हणाले, "माझी एक आत्या होती. गोधड्या शिवायची. चिंधी म्हणून फेकायची नाही. मथुरा तिच्यावरूनच आली."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. सरांचे डोळे भरून आले होते. ते खोटं बोलत नव्हते. त्यांना आठवत होतं.

हर्षददादाने टीव्ही बंद केला नाही. आवाज बंद केला.

"फोन कर त्यांना," मी म्हटलं. "अजून वेळ आहे."

"आणि काय सांगू? सर, तुमची आत्या खोटी?"

काकी दारातून म्हणाल्या, "कोणाची आत्या?"

"कोणाची नाय. तू सोलं बघ."

दुसऱ्या दिवशी त्याने साइटवर निवेदन टाकलं. मला न दाखवता टाकलेलं ते त्याचं पहिलंच लिखाण. चार ओळी होत्या. मथुरा मालिकेत नव्हती. ती मी लिहिली. चोरी पकडण्यासाठी लिहिली आणि नंतर काढली नाही. मी नियम मोडला.

मला वाटलं होतं, लोक रागावतील. रागावण्याआधी त्यांनी ऐकायला तर हवं होतं. कुणी विश्वासच ठेवला नाही. नवी मालिका येते आहे म्हणून याला श्रेय हवंय, असं लिहिलं. ओळकर सर स्वतः सांगत असताना हा कोण, असं लिहिलं. ज्यांच्या पत्रांमुळे मथुरा खरी झाली त्यातल्या एकीने लिहिलं, 'मला ताप होता. आई कपाळावर पट्ट्या ठेवत होती आणि समोर मथुरामावशी दोर सांधत होती. ती आई आता नाही. तुम्ही माझी आठवण खोटी ठरवणारे कोण?'

हर्षददादाने तिला उत्तर लिहायला घेतलं. दोन तास बसला. मग उठून बाहेर गेला.

ज्यांनी विश्वास ठेवला ते जास्त वाईट निघाले. त्यांनी एकच प्रश्न विचारला. रितेशनेही तोच विचारला. फोन स्पीकरवर होता, कारण हर्षददादाचे हात पाण्यात होते.

"किती आहेत दादा?"

"काय?"

"अशा मथुरा. किती पेरल्यास?"

"असतील पाच-सात."

"कुठल्या?"

हर्षददादा हात पुसत राहिला.

"दादा, कुठल्या भागात?"

"आठवत नाय रे."

"म्हणजे?"

"लिहिताना ठाऊक होतं. टिपून ठेवलं असतं तर कुणाला तरी सापडलं असतं. म्हटलं, आपल्या डोक्यात आहे तेवढं पुरे. आता वाचतो तर सगळं सारखंच वाटतं. बघितलेलं नि लिहिलेलं."



"मी अठरा वर्षं लोकांशी भांडलो," रितेश म्हणाला. "ऑफिसात, लग्नात, कुठे कुठे. आमच्याकडे लिहिलंय म्हणजे आहे, असं सांगितलं. तुझ्या भरवशावर."

"चुकलंच रे."

"चुकलं नाही दादा. फसवलंस."

फोन बंद झाला. हर्षददादाने तो उलटा करून ठेवला. "बरोबर बोलला," एवढंच म्हणाला.

त्यानंतर तो कामाला लागला. मासेमारीची बंदी लागायला अजून अवकाश होता तरी. कारखान्यातून आला की हात धुवायचा, कॅसेट लावायचा, पान समोर उघडायचा. पहिल्या भागापासून. एकेक वाक्य पडद्याशी ताडून बघायचं. दिसलं तर ठेवायचं. दिसलं नाही तर काढायचं. व्हीसीआर दोनदा बिघडला. दुरुस्त करणारा माणूस रत्नागिरीत उरला नाही, म्हणून तो एसटीने कोल्हापूरला घेऊन गेला, मांडीवर ठेवून.

दिसतं तेवढं ठीक होतं. भोकांचं काय करायचं, हा प्रश्न होता. जिथे लाइट गेली होती तिथली सगळी वाक्यं पत्रांवर उभी होती. आणि पत्रांचा भरवसा मथुराने संपवला होता. त्याने ती सगळी काढायला सुरुवात केली. त्या जागी लिहायचा: 'इथे काय घडलं ते आम्हाला माहीत नाही.'

ते बघवत नव्हतं. किती सुंदर वाक्यं होती. विझलेल्या कंदिलाचं घर. पावसात दोर आखडतो म्हणून खाली आलेली शाळा. त्यातलं बरंच खरं असणार. कुणीतरी, कुठेतरी, लाइट असलेल्या गावात बसून बघितलेलं.

"हे राहू दे ना," मी म्हणायचे. "हे तू लिहिलेलं वाटत नाही. तुझी भाषा नाही ही."

"मथुराची तरी माझी होती काय? तू आल्यापासून दहा वेळा ते पान वाचलंस. तुला कळलं?"

मला कळलं नव्हतं. मी त्या पानाला साइटवरचं सगळ्यांत चांगलं पान म्हणायचे.

मे संपत आला. नव्या मालिकेची जाहिरात एसटी स्टँडसमोर लागली. मथुरामावशी गोरी होती, गोल चेहऱ्याची, केसांना चंदेरी छटा. हर्षददादा त्या फलकाखालून रोज जायचा. एकदा मी सोबत होते. त्याने वर बघितलं नाही. "नाक चुकलं," म्हणाला. म्हणजे आधी कधीतरी बघितलं होतं.

काकी मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "वेदिका, तू तरी सांग गो त्याला. त्या मेल्या पतंगांनी त्याचं लग्न खाल्लान, आता झोप खाल्लान. कोण बघतंय ते खरं नि खोटं?"

"कुणीच बघत नाही काकी."

"मग?"

साइटवर रोज येणारे लोक घटत चालले होते. नव्या मालिकेच्या कंपनीने स्वतःची साइट काढली होती. तिच्यावर भागांची माहिती होती. वाक्यं आपली, माझ्या दुरुस्त्यांसकट. जी वाक्यं हर्षददादा इथे काढत होता ती तिथे नव्या रंगात उभी होती. त्याने इथे कितीही पुसलं तरी तिथे काही पुसलं जाणार नव्हतं. मी त्याला हे दाखवलं. त्याने शांतपणे बघितलं.

"त्यांनी त्यांचं बघावं," म्हणाला. "आपल्याकडे असता नये."

जूनमध्ये कारखाना बंद झाला. तो सकाळपासून बसू लागला. डोळे लाल, दाढी वाढलेली. छातीत जळजळतंय म्हणून सोड्याच्या गोळ्या खायचा. डॉक्टरकडे चल म्हटलं की म्हणायचा, "दीडशेवा होऊ दे." मी ते खरं मानलं. तो जे बोलायचा ते खरं मानायची सवय होती.

मग ती जुलैची दुपार.

रितेश पुण्याहून आला. उशीर झाला, तोवर सगळं आटोपलं होतं. तो काकींच्या पाया पडला आणि कॅसेटच्या कपाटासमोर जाऊन उभा राहिला. निघताना मला म्हणाला, "मी त्याला त्यानंतर फोनच केला नाही." मी त्याला काय सांगणार होते? त्याच्या फोनची वाट हर्षददादा बघत नव्हता, असं सांगितलं. ते खोटं होतं.

साइटवर मी बातमी दिली. शंभरेक लोकांनी श्रद्धांजली लिहिली. बऱ्याच जणांनी खाली मथुरामावशीचं चित्र टाकलं. दोराचं टोक हातात धरून बसलेली. 'तुमचं टोक मावशीकडे सुखरूप आहे,' असं एकाने लिहिलं. पाचशे लोकांना ते आवडलं. कंपनीने दोन ओळींचा शोकसंदेश काढला. त्यात त्याला 'पतंगपूरचा निस्सीम चाहता' म्हटलं होतं. चित्र तेच.

ऑगस्टमध्ये नवी मालिका सुरू झाली. पहिला भाग काकींनी माझ्यासोबत बघितला. मथुरामावशी पडद्यावर आली, गाणं म्हणाली, दोर सांधला. काकी शेवटपर्यंत बघत होत्या.

"ही कोण?"

"मथुरा."

"कोण मथुरा?"

"तुमच्या आळीतली. जाळी सांधायची ती."

काकींनी पदराने तोंड पुसलं. "कायतरीच. ती काळी कुळकुळीत होती, दात पुढे. नि गाणं कसलं म्हणते, दिवसभर शिव्या घालायची. हर्षदला तर रोज. तिचा दोरा पळवायचा ना पतंगाला."

हे त्याने मला कधी सांगितलं नव्हतं. मी काकींना पुन्हा विचारलं नाही.

रितेश म्हणतो, साइट आहे तशी ठेवू. मी म्हणते, अर्धी तपासलेली साइट कशी ठेवायची? पहिल्या एकशे सतरा पानांवर आता खरं आहे आणि भोकं आहेत. पुढच्या नव्वद-एक पानांवर एकही भोक नाही. ती वाचायला फार छान आहेत. त्यांत कुठेतरी हर्षददादाने पेरलेलं बाकीचं खोटं आहे. पाच जागी असेल, सात जागी असेल. सांगणारा एकच होता, आणि त्यालाही ठाऊक नव्हतं.

परवा मी त्याच्या खात्यातून एकशे अठरावं पान उघडलं. त्या भागात धुक्यात अडकलेल्या घरांना एक नावाडी आकाशातून वल्हवत नेतो. त्या दिवशी लाइट होती, पण टेप तिथे पुढे कधीतरी तुटलेली आहे. खाली त्याचा अर्धवट मजकूर होता, प्रसिद्ध न केलेला. तारीख जुलैतल्या त्याच दुपारची.

'नावाडी. हा होता की मी घातला? त्या दिवशी आई शेजारी बसलेली. जेवण झालं की तिला विचारणे.'